टाकलेल्या खाणींचा नकाशा

(द्वितीय वर्ष, कला)

भूगोलाच्या प्रात्यक्षिक वहीत महाराष्ट्राचा खनिज नकाशा काढावा लागतो. नागपूर-भंडाऱ्याकडे मॅंगनीज, चंद्रपूरकडे कोळसा आणि लोखंड, कोल्हापूर-रत्नागिरीकडे बॉक्साईट, सिंधुदुर्गात पुन्हा लोखंड. प्रत्येकाची खूण ठरलेली, रंग ठरलेला. नकाशा सुबक आला की सर शेरा देतात आणि वही मिटते. परंतु जिथले खनिज काढून झाले, खाणवाला गाशा गुंडाळून निघून गेला आणि मागे खड्डा व ढिगारा तेवढा उरला, त्या जागेसाठी या वहीत खूणच नाही. जमिनीने काय दिले ते आपण नकाशावर दाखवतो. देऊन झाल्यावर तिचे काय झाले, ते दाखवत नाही.

वाचकहो, या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या भागातील थांबलेल्या व टाकून दिलेल्या धातुखाणींचा गावनिहाय नकाशा झाला पाहिजे. तो कार्यालयाच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. आणि तो तयार करण्याच्या कामात आपल्यासारख्या कला महाविद्यालयांनी उतरले पाहिजे. "खाणी हा भूगर्भशास्त्राचा विषय, कला शाखेच्या मुलीने त्यात नाक कशाला खुपसावे?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

प्रथम आपला भाग कोणता ते पाहू. छिंदवाड्याकडून निघून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा मॅंगनीजचा पट्टा पसरला आहे. हिंदुस्थानातील मॅंगनीजचा हा एक मोठा साठा. एकोणिसावे शतक संपता संपता इथे खाणकाम सुरू झाले आणि पाहता पाहता टेकड्याच्या टेकड्या उकरल्या गेल्या. पोलाद करताना त्यातला प्राणवायू व गंधक काढून टाकण्यास मॅंगनीज लागते. पोलादाला बळकटी आणण्यासही ते लागते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील कारखान्यांची भूक आपल्या गावांपर्यंत येऊन पोचली. सन १९०७ च्या सुमारास रशिया आणि हिंदुस्थान हे दोन देश मॅंगनीज पुरवण्यात जगात पुढे होते. या मालासाठी रेल्वेचे फाटे टाकले गेले; तुमसर-तिरोडी हा त्यांपैकीच एक. विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये खुले झाले, त्यामागेही मध्य प्रांतातील मॅंगनीज बाहेर नेणे हे एक मोठे कारण होते. परदेशात मागणी चढली की इथे नव्या खाणी उघडायच्या, मागणी उतरली की लहान खाणी बंद पडायच्या, असा हा खेळ अनेक वर्षे चालला.

या पट्ट्याची पहिली मोठी नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील एल. एल. फर्मोर या अधिकाऱ्याने केली. सन १९०९ मध्ये त्याचा हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कांद्री, मनसर, लोहडोंगरी, काचूरवाही, मांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग अशी आपल्या परिचयाच्या गावांची नावे त्यात आहेत. यांपैकी काही ठिकाणी आजही खाणी चालू आहेत. याच फर्मोरने इथल्या एका खडकाला 'गोंडाईट' असे नाव दिले. मध्य प्रांतातील गोंड लोकांवरून ते नाव घेतले. आज जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत गोंडाईट हा शब्द सापडतो. पण ज्या गोंड, हलबा, पोवार, महार, तेली बाया-माणसांनी तो खडक फोडला, त्यांची नावे कुठल्या पुस्तकात सापडणार? खडकाला माणसांचे नाव मिळाले, माणसे मात्र निनावी राहिली. नकाशाच्या प्रश्नाशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे, म्हणून ती इथे लिहिली.

आता खाण मरते कशी ते पाहू. कायद्याच्या भाषेत खाण थांबणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे. थांबलेली खाण पुन्हा चालू होऊ शकते. सोडलेल्या खाणीवरून मालकाने हात उचललेला असतो. १९५२ चा खाण कायदा आणि त्याखालील १९६१ चे धातुखाणींचे विनियम यांनी अशा वेळी काय करावे ते सांगून ठेवले आहे. खाण सोडताना सूचना द्यावी, तिच्या तोंडाला कुंपण किंवा झाकण करावे, खाणीचे नकाशे निरीक्षकाच्या खात्याकडे द्यावेत, वगैरे. नियम चांगलेच आहेत. परंतु नियम येण्याच्या आधी पन्नास-साठ वर्षे खाणकाम चालू होते, आणि नियम आल्यावरही प्रत्येक लहान ठेकेदाराने तो पाळलाच असेल, असे समजण्याइतके भोळे आपण नाही.

माझी आजी लहानपणी अशाच एका खाणीवर होती. बाया आणि पोरी हातोडीने दगड फोडायच्या, चांगला काळा दगड टोपलीत आणि हलका दगड बाजूच्या ढिगात टाकायच्या. दिवसाचा रोज टोपल्यांवर ठरायचा. माझे वडील जन्मण्याआधीच ती खाण बंद झाली. मी एकदा आजीला विचारले, "आजी, खदान बंद कवा झाली?" तिने हातातले सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "बंद कायची वं माय, टाकून देल्ली तिले." आपल्याकडे 'टाकलेली' हा शब्द कोणासाठी वापरतात ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या बाईला नवऱ्याने घराबाहेर काढले, पण रीतसर मोकळे केले नाही आणि पोटगीही दिली नाही, ती टाकलेली. माझ्या निरक्षर आजीने कायद्याच्या पुस्तकापेक्षा नेमका शब्द वापरला, असे मला वाटते. जिच्यापासून सगळे घेतले आणि जिची जबाबदारी कोणीच घेत नाही, तिला 'बंद' म्हणणे हा नुसता सभ्यपणा झाला.

या टाकलेल्या खाणीचे गावात काय उरते? आमच्या गावाला लागून एक खोल खड्डा आहे आणि त्याच्या अंगाशी काळ्या दगडाचा ढिगारा आहे. खड्ड्यात बारा महिने पाणी असते. त्याच्या कडा तलावासारख्या उतरत्या नाहीत, भिंतीसारख्या उभ्या आहेत. ढोरं पाण्यावर जातात, पोरं पोहायला जातात, बाया धुणे नेतात. पावसाळ्यात ढिगाऱ्यावरून काळी खडी वाहत येते आणि खालच्या बांध्यांत पसरते. आमचीही एक बांधी त्यात आहे. तिच्या धुऱ्याकडच्या भागात धानाचे रोप धरत नाही. सातबारावर तेवढा तुकडा 'पोटखराब' म्हणून लिहिला आहे. जमीन पोटखराब आहे हे पटवाऱ्याच्या कागदावर आहे, पण ती कशामुळे खराब झाली ते नाही. खाणीचा आमच्या घरी असलेला एकुलता एक सरकारी पुरावा म्हणजे हा शब्द!

मी बारावीत असताना त्या खड्ड्यात आमच्या आळीतला एक मुलगा बुडाला. सातवीत होता. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला आणि त्यात 'गावालगतच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात' असे लिहिले गेले. लिहिणाऱ्याने काही वाकडे केले, असे मी म्हणत नाही. त्याच्यापुढे जे कागद होते, त्यांत तिथे खाण नव्हतीच. पण एका शब्दाने किती फरक पडतो पहा. तिथे 'खाण' लिहिले असते, तर ती कोणाची, पट्टा कोणाला दिला होता, कुंपण का नाही, असे प्रश्न उभे राहिले असते. 'खड्डा' लिहिल्यावर प्रश्न संपले. खड्डा कोणाचाच नसतो. त्या मुलाच्या आईने पुढे दोन वेळा तालुक्याला खेपा घातल्या. प्रत्येक वेळी तिला एकच विचारले गेले, की खाणीचे नाव काय? ती बिचारी काय नाव सांगणार? गावात सगळे तिला नुसते 'खदान' म्हणतात.

माझ्या मते नकाशाचे खरे काम इथे सुरू होते. नकाशामुळे खड्डा बुजणार नाही. पण त्या खड्ड्याला नाव मिळेल, क्रमांक मिळेल, आणि ज्याला नाव व क्रमांक आहे त्याच्याबद्दल अर्ज करता येतो, ग्रामसभेत ठराव करता येतो, विधानसभेत प्रश्न विचारता येतो. सरकारी कारभारात निनावी दुःखाला दाद मिळत नाही, हे आपण सर्वजण जाणतोच.

जुन्या खाणींचा खात्रीचा नकाशा हाताशी नसला तर काय होते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथील कोळसा खाणीत वरच्या जुन्या कामात साचलेले पाणी फुटून आत घुसले आणि सुमारे पावणेचारशे कामगार गेले. २ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच झरिया भागात बागडिगी खाणीत शेजारच्या सोडलेल्या खाणीतले पाणी शिरले आणि २९ जण दगावले. या कोळशाच्या खाणी होत्या, धातूच्या नव्हेत, हे खरे. परंतु पाण्याला कोळसा आणि मॅंगनीज यांतला भेद कळत नाही. जुन्या पोकळीत पाणी कुठे, किती आणि कोणत्या उंचीवर उभे आहे, हे माहीत नसले की शेजारी काम करणारा माणूस डोळे बांधून चालत असतो.

इतर देशांनी या बाबतीत काय केले? वेल्समध्ये शिसे, जस्त आणि तांब्याच्या सुमारे तेराशे जुन्या खाणी आहेत. त्यांतल्या पाण्यातून धातू विरघळून नद्यांत उतरतात. तिथल्या लोकांनी २००२ मध्ये सगळ्या खाणी एकदम हाती न घेता त्यांतील सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या पन्नास खाणी निवडल्या आणि तिथून सुरुवात केली. त्या देशाच्या कायद्यात १९९९ संपण्यापूर्वी सोडलेल्या खाणींतून येणाऱ्या दूषित पाण्यासाठी जुन्या मालकाला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे मालक सुटला तो सुटलाच. तरीही समाजाने यादी केली, क्रम लावला आणि खर्च आपल्या अंगावर घेतला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९० नंतरच्या दशकात राष्ट्रीय वनांच्या जमिनीवरील जुन्या खाणींची मोजदाद केली. माणसे डोंगर पायी हिंडली आणि विहिरी, भुयारे, ढिगारे मिळून सुमारे अठरा हजार जागा त्यांनी नोंदवल्या. त्यांतील बहुसंख्य जागा फारशा घातक नव्हत्या, हेही मोजल्यामुळेच कळले. सगळ्याच खाणींना घाबरण्याचे कारण नाही, थोड्या खाणींकडे मात्र तातडीने धावायला हवे, हे यादीशिवाय समजत नाही.

त्याच कोलोरॅडोत ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग नावाच्या जुन्या सोन्याच्या खाणीवर पर्यावरण खात्याची माणसे काम करत असताना आत अडलेले पाणी फुटले. सुमारे तीस लाख गॅलन दूषित पाणी ॲनिमास नदीत गेले आणि नदी पिवळी-नारिंगी झाली. तेव्हा नकाशा केला की सगळे झाले, असे मी मुळीच म्हणत नाही. पाटीवर नाव लिहिले म्हणून रोगी बरा होत नाही. परंतु ज्याची पाटीच नाही त्याला डॉक्टर तपासत नाही, हे तितकेच खरे.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असा कांगावा करणेही योग्य नाही. २००३ पासून प्रत्येक खाणवाल्याला खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो. २०१६ मध्ये भारतीय खाण ब्यूरोने उपग्रहाच्या चित्रांवरून बेकायदा खाणकाम पकडण्याची व्यवस्था सुरू केली. पट्ट्याच्या हद्दीबाहेर पाचशे मीटरपर्यंत कोणी उकरले तर ते चित्रात दिसावे, ही त्यामागची कल्पना. ब्यूरोचे मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. पण यातली पहिली व्यवस्था पुढे पाहते आणि दुसरी चालू पट्ट्याच्या अवतीभोवती पाहते. ज्या खाणीचा पट्टाच साठ वर्षांपूर्वी संपला, ती या दोहोंच्या नजरेतून निसटते. इलाज ठाऊक नाही म्हणून गाडे अडले, असेही नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड आणि उपयुक्त जिवाणू वापरून झाडे जगवून दाखवली आहेत. जिथे गवत उगवत नव्हते तिथे सावली झाली. हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यातला आहे. तो कुठे कुठे करायचा, हे ठरवण्यासाठी ढिगाऱ्यांची यादी हवी.

आता कला शाखेचा प्रश्न. "उपग्रह आहे, संगणक आहे, मग मुलामुलींना उन्हात कशाला हिंडवायचे?" असे विचारले जाईल. याचे उत्तर आपल्या पूर्व विदर्भानेच देऊन ठेवले आहे. आपल्याकडे गावोगाव बोड्या आणि मामा तलाव आहेत. वरून घेतलेल्या चित्रात पाण्याने भरलेली खदान आणि मालगुजारी तलाव हे दोन्ही सारखेच निळे दिसतात. एकाला पाळ आहे, तुडुंब आहे, शंभर-दोनशे वर्षे लोक त्यात उतरत आले आहेत. दुसऱ्याची कडा पायाखालून सुटते. हा फरक आकाशातून कळत नाही, ढोरक्याला कळतो. डोंगराच्या पोटात गेलेले आडवे भुयार झाडोऱ्याखाली दडलेले असते. ते उपग्रहाला दिसत नाही, मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईला दिसते.

म्हणूनच या नकाशाला अनेक विषयांचे हात लागतील. भूगोलाचे विद्यार्थी जागा मोजतील. आज साध्या मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे करण्यावरील पुष्कळशी बंधनेही उठवली आहेत. इतिहासाचे विद्यार्थी फर्मोरचा ग्रंथ, जुनी गॅझेटियरे, जुन्या पट्ट्यांच्या नोंदी उलगडतील. अर्थशास्त्राचे विद्यार्थी ढिगाऱ्यांचा हिशेब मांडतील; कारण पूर्वी उंची प्रतीचा माल तेवढा परदेशी जात असे आणि हलका माल फेकला जाई, त्या फेकलेल्या मालाला आज कदाचित मोल असेल. समाजशास्त्राचे विद्यार्थी खाणीवर राबलेल्या बायामाणसांशी बोलतील. आणि मराठीचे विद्यार्थी? गावात खाणींना साहेबाची खदान, काळी खदान, बुडकी खदान अशी नावे पडतात. कागदावर एक नाव आणि तोंडी दुसरे, यांची जुळणी करणे हे भाषेचेच काम आहे. ती जुळणी झाली नाही तर तालुक्याला खेपा घालणाऱ्या आईला 'खाणीचे नाव काय' या प्रश्नाचे उत्तर कधीच देता येणार नाही.

प्रत्येक खाणीसाठी एक पान पुरेल. त्यावर काय असावे? कागदावरचे नाव आणि गावातले नाव. जागा आणि गट क्रमांक. खुली खाण, उभी विहीर की आडवे भुयार. कडा किती उभ्या आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी किती आणि पावसाळ्यात किती. घरे, शाळा व पायवाट किती अंतरावर. ढिगारा केवढा आणि त्यावरचे पाणी कोणत्या नाल्यात जाते. काम कधी थांबले. जमीन आज कोणाच्या नावे आहे. कुंपण आहे का. आणि लोक त्या जागेचा उपयोग कशासाठी करतात. हा शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिथे ढोरं पाणी पितात आणि बाया घागरी भरतात, तिथल्या पाण्याची तपासणी आधी व्हावी. पिण्याच्या पाण्यात मॅंगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. मॅंगनीज शरीराला थोडे लागते, पण दीर्घकाळ फार गेले तर मज्जासंस्थेला बाधा होते. आमच्या खदानीचे पाणी वाईटच आहे, असे मी म्हणत नाही. ते तपासावे एवढेच म्हणते. यादी पुरी झाली की तीन भाग करावेत: ताबडतोब कुंपण हवे त्या खाणी, पाणी किंवा शेती बिघडवणाऱ्या खाणी, आणि उपयोगात आणता येतील अशा खाणी. एक पथ्य मात्र कडक पाळावे. कोणीही विद्यार्थी भुयारात शिरणार नाही आणि कडेला जाणार नाही. नोंद बाहेरून करायची.

यावर काही आक्षेप येतील, ते आधीच लक्षात घेतलेले बरे. पहिला आक्षेप असा, की नकाशा उघड केला तर चोरून खनिज काढणाऱ्यांना आयतीच वाट सापडेल. मला तसे वाटत नाही. चोराला जागा आधीपासूनच माहीत असते. माहीत नसते ती नव्याने बदलून आलेल्या गुरुजींना, लग्न होऊन आलेल्या सुनेला, पाहुण्या आलेल्या भाच्याला. गुप्ततेचा लाभ चोरालाच होतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. खाणवाल्यांनी सरकारला द्यायच्या स्वामित्वधनाच्या दहा किंवा तीस टक्क्यांइतकी जादा रक्कम त्यात भरायची. टक्केवारी पट्टा केव्हाचा आहे त्यावर ठरते. हा पैसा खाणकामाने बाधित झालेल्या माणसांसाठी आणि भागांसाठी आहे. माझा साधा सवाल आहे: खाण चालू असेपर्यंतच माणूस बाधित असतो काय? धूळ खाणारा बाधित आणि पन्नास वर्षांनी त्याच खड्ड्यात नातू गमावणारा बाधित नव्हे, हा कुठला न्याय? यादीत नाव आले तर निदान हा प्रश्न प्रतिष्ठानच्या बैठकीत मांडता येईल. आणि यादीला खर्च तो किती! दोन तारा, एक पाटी आणि काही वह्या यांचाच हिशेब आधी करू.

तिसरा आक्षेप थोडा नाजूक आहे. गावातीलच काही जण म्हणतील, की खाणीचे नाव काढू नका, पुन्हा कोणी येऊन ती उघडेल आणि जमिनी जातील. काही जण याच्या अगदी उलट म्हणतील, की खदान पुन्हा उघडली तर पोरांना काम मिळेल. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. माझ्या घरातच दोन्ही मते आहेत. खाण उघडावी की उघडू नये, हे नकाशा ठरवत नाही. पण उद्या कोणी ती उघडायला आलाच, तर आधीच्याने मागे काय ठेवले, हे गावाच्या हातात लिहिलेले असावे. अशा वेळी गावाला घासाघीस करता येते. रिकाम्या हाताने नुसती सही किंवा अंगठा करावा लागत नाही.

हा प्रश्न आपल्या पट्ट्यापुरता नाही, याचीही जाणीव ठेवावी. गोव्यात २०१२ मध्ये लोखंडाच्या खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्यानंतर नव्याने लिलाव सुरू झाले. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी, ज्या तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या, त्या २००१ मध्ये बंद झाल्या आणि मागे गिरणीतल्या भुकटीचे डोंगर उरले. मोठ्या खाणी मरतात तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी येते. लहान खाणी मरतात तेव्हा फक्त ठेकेदाराचा तंबू उठतो. म्हणूनच लहान खाणींची नोंद ठेवण्याचे काम जवळच्यांनीच केले पाहिजे.

शेवटी प्राचार्यांना, प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना एक नम्र सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे दरवर्षी सात दिवसांचे शिबिर होते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो. ते सारे चांगलेच आहे. येत्या हिवाळ्यातील शिबिरात एका तालुक्यापुरती ही खाणनोंदणी करून पहावी. दहा गट, दहा गावे, प्रत्येकाबरोबर एक शिक्षक आणि गावातील एक जाणते माणूस. आलेली पाने एकत्र करून एक प्रत तहसील कार्यालयात, एक भारतीय खाण ब्यूरोकडे, एक जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे आणि एक प्रत्येक ग्रामपंचायतीत द्यावी. ग्रामपंचायतीची प्रत मराठीत, मोठ्या अक्षरांत असावी.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. कागद कपाटात टिकतील, पण ज्यांना सगळे ठाऊक आहे ती माणसे टिकणार नाहीत. कोणत्या खड्ड्याखाली भुयार आहे, कोणत्या बाजूची कड आधीच एकदा ढासळली होती, कोणत्या साली पाणी फुटले, हे सांगणारे आज सत्तरीच्या पुढे आहेत. आमच्या घरात शाळेची पायरी ओलांडून महाविद्यालयापर्यंत आलेली मी पहिली. लिहिता-वाचता येण्याचा उपयोग परीक्षेपुरता नसावा, असे मला वाटते. ज्यांनी दगड फोडले त्यांना ते लिहून ठेवता आले नाही. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी खनिज तेवढे लिहिले. मधली नोंद राहून गेली आहे. ती आपल्या पिढीने केली नाही, तर पुढच्या पिढीला विचारायला कोणी उरणार नाही.